भरती-ओहोटीच्या मधला पत्ता: मुंबईच्या समुद्रात कोण कुठे राहतं, आणि का

समुद्रात भराव टाकायचा विषय निघाला की मुंबईत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "समुद्र एवढा अफाट आहे, मासे जातील दुसरीकडे." बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. नकाशावर कुलाब्यापासून ओमानपर्यंत एकच निळा रंग भरलेला असतो, त्यामुळे समुद्रातल्या जिवाला सगळं पाणी सारखंच असेल असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात हाजी अलीच्या खडकाला चिकटून राहणारा जीव गिरगावच्या वाळूत टिकत नाही, आणि जुहूच्या वाळूतला खेकडा शिवडीच्या चिखलात टिकत नाही. इतकंच काय, एकाच खडकाच्या वरच्या अंगाला गर्दी करून राहणारा प्राणी त्याच खडकाच्या खालच्या अंगाला शोधूनही सापडत नाही. किनाऱ्यावरच्या बहुतेक जिवांचा पत्ता फार नेमका असतो.

हा पत्ता तीन गोष्टी ठरवतात. पायाखाली काय आहे: खडक, वाळू की चिखल. अंगावर पाणी किती वेळ राहतं. आणि शेजारी कोण आहे. यातल्या तिसऱ्या गोष्टीकडे आपलं सगळ्यात कमी लक्ष जातं, पण आधी दुसरी समजून घेऊ, कारण मुंबईच्या किनाऱ्यावर सगळ्यांच्या दिवसाची आखणी तीच करते.

पाण्याचं वेळापत्रक

मुंबईत दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत यासाठी तिथीचा हिशेब पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. दिवसा तोच हिशेब, रात्रीही तोच. थोडं पुढेमागे होतं, पण छापील तक्ता हाताशी नसला तरी काम अडत नाही.

अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, तेव्हा उधाण येतं. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरतीची पातळी साडेचार मीटरच्या आसपास जाते, कधी पाच मीटरला टेकते, आणि त्याच दिवशी ओहोटीला एक मीटरच्याही खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा भांग. भांगात पाणी चढतं जेमतेम सव्वातीन मीटरपर्यंत आणि उतरतं दोन मीटरच्या आसपास.

आता एखादा खडकाळ उतार डोळ्यांसमोर आणा आणि त्यावर या पातळ्या मनातल्या मनात आखा. दोन ते सव्वातीन मीटरमधला पट्टा वर्षभर, रोज दोनदा भिजतो आणि दोनदा सुकतो. चार मीटरवरच्या जागेला फक्त उधाणात पाणी मिळतं, मधले कितीतरी दिवस ती कोरडी ठणठणीत असते. आणि एक मीटरच्या खालच्या जागेला उलट फक्त उधाणाच्या ओहोटीत वारा लागतो, एरवी ती पाण्यातच. म्हणजे भूगोल एकच, पण वरच्या जिवाला पाण्याविना दिवस काढायचे आहेत आणि खालच्याला पंधरवड्यातून काही तास.

तिथीच्या त्याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, आणि मला ती मुंबईच्या किनाऱ्याची सगळ्यात मोठी कृपा वाटते. उधाणाची पूर्ण भरती बाराच्या सुमारास येते, तर मग ओहोटी कधी? सहाच्या सुमारास, पहाटे आणि संध्याकाळी. म्हणजे जे नाजूक जीव कायम पाण्यात राहतात, ते जेव्हा उघडे पडतात तेव्हा ऊन उतरलेलं असतं किंवा अजून चढलेलं नसतं. भर दुपारी बाराची ओहोटी येते ती अष्टमीला, भांगात, आणि तेव्हा पाणी फार खाली जातच नाही. हेच उलटं असतं, उधाणाची ओहोटी ऐन दुपारी आली असती, तर एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या खडकावर खालच्या पट्ट्यातले अनेक जीव होरपळून गेले असते. जगात असे किनारे आहेत. आपला तसा नाही, हे चंद्रामुळे आणि अरबी समुद्राच्या या टोकाच्या आकारामुळे.

खडक: वरची हद्द ऊन आखतं, खालची शेजारी

मलबार हिल, हाजी अली, वरळी, वांद्र्याचं बँडस्टँड, कार्टर रोड. इथला खडक काळा बसाल्ट आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्ह्याचा. तो खडबडीत आहे, त्याला भेगा आहेत, खळगे आहेत, आणि हा खडबडीतपणाच तिथल्या जिवांचं भांडवल.

सगळ्यात वर, जिथे नुसता लाटांचा शिंतोडा पोचतो, तिथे वाटाण्याएवढ्या गोगलगायी भेगांत दाटीने बसलेल्या असतात. पाणी दूर गेलं की त्या शंखाचं तोंड झाकणाने बंद करतात, चिकट स्रावाचा एक पातळ धागा खडकाला जोडतात आणि तापलेल्या दगडाला अंग कमीत कमी टेकेल अशा बेताने दिवसच्या दिवस काढतात.

त्यांच्या खाली पांढरट, खरखरीत, शंकूसारखे बार्नेकल. अनवाणी चाललं की तळव्याला ओरखडे काढतात ते हेच. बहुतेकांना हा दगडाचाच भाग वाटतो. काहींना शिंपल्याची जात वाटते. बार्नेकल हा खरं तर कोळंबी आणि चिंबोरीचा नातलग आहे. त्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा सुटं असतं, पाण्यात पोहतं, खातं, कात टाकत वाढतं. शेवटच्या अवस्थेत मात्र त्याचं खाणं पूर्ण बंद होतं. साठवलेल्या शिदोरीवर ते जागा शोधत फिरतं, खडकावर उतरून मिशांवर चालत पाहणी करतं, आपल्या जातीची मोठी माणसं आधी इथे राहिली आहेत का याचा रासायनिक माग घेतं. जागा पसंत पडली की डोकं खाली करून स्वतःला सिमेंटने चिकटवतं. हा सिमेंटचा स्राव ते स्वतःच तयार करतं. एकदा चिकटलं की आयुष्यभर तिथेच.

ओहोटीत खडकाच्या एखाद्या खळग्यात पाणी उरलेलं असतं. त्यात बुडालेला बार्नेकल शांत बसून निरखून पाहा. शंकूच्या टोकावरची दारं किंचित उघडतात, आतून पिसासारखे बारीक पाय बाहेर येतात, पाण्यात एक फटकारा मारून मूठ मिटल्यासारखे आत जातात. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून तोंडात ढकलण्याचं काम हे पाय करतात. आपली सावली खळग्यावर पडली की सगळी दारं एकदम बंद होतात.

आता तो शेजाऱ्याचा मुद्दा. बार्नेकल आणि त्यांच्यासारखे इतर जीव असे आखल्यासारख्या पट्ट्यांतच का राहतात, याचं उत्तर एका सुंदर प्रयोगाने दिलं. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या कंब्री बेटावर बार्नेकलच्या दोन जातींचा अभ्यास केला आणि १९६१ साली तो प्रसिद्ध केला. एक जात लहान, ती वरच्या पट्ट्यात राहायची. दुसरी मोठी, ती खालच्या. लहान जातीला खालचं पाणी मानवत नसेल, असा तर्क कुणीही केला असता. कॉनेल यांनी खालच्या पट्ट्यातल्या काही दगडांवरून मोठ्या जातीचे बार्नेकल काढून टाकले आणि लहान जातीचे तसेच ठेवले. लहान जात तिथे मजेत वाढली. म्हणजे खाली राहायला तिची काहीच हरकत नव्हती, मोठी जात तिला राहू देत नव्हती. मोठे बार्नेकल झपाट्याने वाढून लहानांच्या अंगावर चढत होते, बाजूने दाबत होते, खालून उपटून काढत होते. मग मोठ्यांनी वरचा पट्टाही का नाही बळकावला? कारण तिथल्या कोरड्या तासांत ते वाळून मरत होते.

तेव्हापासून किनाऱ्याच्या अभ्यासात एक ठोकताळा रूढ झाला. जिवाची वरची हद्द बहुधा ऊन, वारा आणि कोरडेपणा आखतो आणि खालची हद्द शेजारी आणि शिकारी आखतात. अपवाद आहेत, पण मुंबईच्या खडकावर हा ठोकताळा मनात धरून उभं राहिलं की एरवी विस्कळीत दिसणारं सगळं जागच्या जागी बसतं. वर राहणारा जीव सोसून राहतो, कारण खाली त्याला कुणीतरी खाईल किंवा चेंगरेल. खाली राहणारा जोरात असतो, पण त्याला ऊन सोसत नाही. दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तिसरा तग धरतो.

अशाच मधल्या पट्ट्यात कालवं असतात. ओहोटीला कोळणी खडकावर वाकून कालवं फोडताना दिसतात, बाजारात त्यांचे वाटे लागतात. कालवाचा एक शिंपला खडकाला कायमचा जोडलेला, दुसरा झाकणासारखा. पाण्यात असताना ते झाकण उघडं ठेवून पाणी आत घेतं, गाळतं, सोडून देतं. मेलेल्या कालवांचे रिकामे शिंपले खडकावर तसेच राहतात आणि त्यांच्या पोकळीत लहान खेकडे, किडे, गोगलगायी बिऱ्हाड करतात.

आणखी खाली, उधाणाच्या ओहोटीतच दिसणाऱ्या पट्ट्यात, हाजी अली-वरळीकडे खडकावर हिरवट-तपकिरी गालिचा पसरलेला दिसतो. मिटलेल्या अवस्थेत तो गुळगुळीत बटनांचा थर वाटतो, पाण्याखाली तेच प्रत्येक बटन उघडून भोवती झालर पसरतं. हे झोअँथिड, प्रवाळांचे आणि समुद्रफुलांचे चुलत भाऊ. त्यांना हात लावू नये, यांच्यातल्या काही जातींत फार जहाल विष असतं. त्याच पट्ट्यात समुद्रफुलं, रंगीत सी-स्लग म्हणजे बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी, दगडाखाली दबा धरून बसलेले ठिपकेदार खेकडे, आणि नशीब असेल तर लहानसा ऑक्टोपस, जो आपल्या डोळ्यांदेखत दगडाचा रंग घेतो आणि नाहीसा होतो.

आणि हो, मुंबईत खरे प्रवाळही आहेत. लक्षद्वीपसारखी भिंत नव्हे, सुट्या सुट्या छोट्या वसाहती. इथलं पाणी गढूळ आहे, उजेड फार खोल जात नाही, त्यामुळे गाळ सहन करणाऱ्या मोजक्या जातीच इथे राहू शकतात. २०१७ साली सुरू झालेल्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नागरिकांच्या उपक्रमाने किनाऱ्यावर फिरून अशा शेकडो जिवांची छायाचित्रं आणि नोंदी केल्या, आणि मुंबईच्या घाणेरड्या पाण्यात काही नसतं या समजाला उत्तर दिलं. त्या लोकांचे आपल्यावर उपकार आहेत.

वाळू आणि चिखल

वाळूत चिकटायला जागा नाही. प्रत्येक लाटेला जमीन हलते. म्हणून इथले रहिवासी बिळात किंवा वाळूखाली. ओहोटीला जुहूला किंवा आक्श्याला ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. नखाएवढा खेकडा वाळू तोंडात घेतो, कणांवरचं खाण्याजोगं तेवढं ओरपतो आणि उरलेली वाळू गोळी करून मागे टाकतो. भरती येण्याआधी बिळात जायचं आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, हा त्याचा क्रम.

वाळूखाली दडणारा दुसरा जीव पाकट, एक चपटा मासा. २०१३ साली गणेशविसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर पाकटांच्या शेपटीचे काटे लागून अनेकजण जखमी झाले, तेव्हा हल्ला झाल्यासारखी चर्चा झाली. पाकट हल्ला करत नाही. उथळ पाण्यात वाळू अंगावर ओढून पडून राहणं आणि शिंपले-खेकडे खाणं ही त्याची रोजची राहणी, अंगावर पाय पडला की शेपटी उसळते. अशा पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालावं, पाकट आधीच सरकून जातो. काटा लागलाच तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवल्याने वेदना कमी होतात, कारण ते विष उष्णतेने निकामी होतं. त्यानंतर डॉक्टरांकडे जायचंच.

वाळूचा भरतीरेषेपलीकडचा कोरडा भागही कुणाचा तरी पत्ता असतो. मार्च २०१८ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. त्याआधी दोन वर्षांहून जास्त काळ तिथे स्वयंसेवकांनी कचरा उपसला होता. कासविणीला आयुष्यातले काही तास तेवढी वाळू लागते, पण ती नसेल तर सगळा समुद्र असून उपयोग नाही.

चिखल ही फारच वेगळी दुनिया. शिवडी, ऐरोली, ठाण्याची खाडी, गोराई-मनोरीची खाजणं. बारीक गाळात पाणी खेळत नाही, त्यामुळे वरचा पातळ थर सोडला की खाली प्राणवायू संपतो. तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि त्यातून सडक्या अंड्याचा वास येणारा वायू सुटतो. खाडीला येणारा सगळाच वास गटाराचा नसतो. गटाराचाही असतो, आणि तो भयंकर आहे, पण निरोगी खाजणालाही स्वतःचा वास असतो.

अशा गुदमरणाऱ्या जमिनीत झाड उभं कसं राहतं? तिवराची मुळं जमिनीतून वर येतात, पेन्सिलीएवढी, शेकड्याने, आणि ओहोटीत हवा घेतात. खारं पाणी प्यायल्यावर जादा मीठ पानांतून बाहेर टाकलं जातं, पान चाटलं तर खारट लागतं. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं, लांबलचक कोंब घेऊन खाली पडतं, म्हणजे भरतीने वाहून नेण्याआधी रुजण्याची त्याला निदान एक संधी मिळते. पांढऱ्या चिप्पीला २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला.

आणि निवटी. खाडीकाठी राहणाऱ्या माणसाला निवटीची ओळख करून द्यायला नको, पण तिच्याकडे कालवणापलीकडे पाहिलं तर ती थक्क करते. हा मासा ओहोटीत पाण्याबाहेर येतो, पुढच्या परांवर रेटत चालतो, ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेतो. डोकं डावीकडून उजवीकडे फिरवत चिखलावरचं शेवाळ खरवडून खातो. डोळे डोक्यावर उभारलेले, आणि सुकायला लागले की खोबणीत ओढून ओले करून घेतो. त्वचा सुकू नये म्हणून मधूनच एका कुशीवर लोळतो. चिखलातल्या बिळात अंडी घालायची म्हणजे तिथे प्राणवायू नाही, म्हणून बिळाच्या आत हवेची खोली राखली जाते आणि तोंडात हवा भरून ती आत नेऊन सोडली जाते. माशाने आपल्या पिल्लांसाठी घरात हवा वाहून न्यावी, हे मला दरवेळी नव्याने आश्चर्याचं वाटतं.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. फ्लेमिंगो बघायला गर्दी होते, चांगलंच आहे. पण ते पक्षी चोच उलटी करून गाळतात ती याच चिखलावरची सूक्ष्म शेवाळं. चिखल गेला तर गुलाबी रंग राहणार नाही.

पुढे, उथळ कडेवरून खोलात

किनारा सोडून पश्चिमेकडे निघालं तर समुद्र लगेच खोल होत नाही. मुंबईसमोर खंडाची उथळ कड, म्हणजे जमिनीचा पाण्याखाली पुढे गेलेला भाग, देशात सर्वांत रुंद भागांपैकी एक आहे. तेलाच्या विहिरींचं मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे आणि तिथे पाण्याची खोली अवघी ७५ मीटरच्या आसपास, म्हणजे पंचवीस मजली इमारत उभी केली तर तिची गच्ची पाण्याच्या पातळीला येईल. या उथळ, गढूळ, पोषक पाण्यातच आपला जवळा, करंदी, मांदेली, बोंबील.

बोंबील हा मुंबई-गुजरातच्या या गढूळ, जोरकस प्रवाहाच्या पाण्याचा पक्का रहिवासी. त्याच्या अंगात इतकं पाणी असतं की तवा गाठण्याआधी तो दाबून ठेवावा लागतो. तो जवळ्यामागे फिरतो, आणि जवळा प्रवाहाबरोबर. कोळ्यांनी त्यासाठी डोल जाळं काढलं, समुद्रात रोवलेलं, प्रवाहाकडे तोंड करून उभं राहणारं लांबलचक पिशवीजाळं. नावेने मासळीचा पाठलाग करायचा नाही, भरती-ओहोटीचं वाहतं पाणी मासळी आणून जाळ्यात घालतं, आणि प्रवाह फिरण्याआधी जाळं ओढून घ्यायचं. उधाणात पाण्याला जोर असतो, भांगात तो मंदावतो आणि मासळीही रोडावते. म्हणजे खडकावरच्या बार्नेकलचं आणि समुद्रातल्या डोल जाळ्याचं वेळापत्रक एकच.

कडेपलीकडे तळ झपाट्याने खाली जातो. साधारण २०० मीटरच्या खाली वनस्पतींना पुरेल एवढा उजेड नाही, १००० मीटरच्या खाली सूर्याचा उजेडच नाही. पण अरबी समुद्रात जिवांची हद्द आखणारी आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. सुमारे १५०-२०० मीटरपासून ते १००० मीटरपर्यंत आणि त्याच्याही खाली इथे पाण्याचा एक जाडजूड थर आहे, ज्यात प्राणवायू जवळजवळ नाही. कारण दोन. मोसमी वाऱ्यांमुळे वरच्या पाण्यात सूक्ष्म वनस्पतींचं पीक भरघोस येतं, ते मरून खाली पडतं आणि कुजताना प्राणवायू संपवतं. आणि हा समुद्र उत्तरेला जमिनीने बंद आहे, त्यामुळे तिकडून ताजं, थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी खाली येत नाही.

टुना किंवा मर्लिनसारख्या वेगवान, दमदार माशांना भरपूर प्राणवायू लागतो, त्यांच्यासाठी हा थर म्हणजे घराची जमीन. लँटर्नफिश हे बोटभर मासे मात्र दिवसा याच गुदमरत्या थरात जाऊन थांबतात, कारण तिथे पाठलाग करणारे फारसे येत नाहीत, आणि रात्री अंधाराच्या आडोशाने वर येऊन खातात. खडकावरच्या वरच्या गोगलगायीचंच गणित आहे हे. जिथे राहणं कठीण, तिथे शेजारी कमी.

कधीकधी पत्ता चुकलेले पाहुणेही दिसतात. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळे फुगे येऊन पडतात, त्यांना ब्लू बॉटल म्हणतात. ते उघड्या समुद्रात पृष्ठभागावर तरंगणारे, वाऱ्यावर जगणारे. नैऋत्येचा वारा त्यांना किनाऱ्यावर आणून टाकतो. वाळलेले दिसले तरी त्यांचे धागे डंख करतात, मुलांना आवर्जून सांगावं.

उतार आणि भिंत

आता "जातील दुसरीकडे" याकडे येऊ. पोहणारा मासा जाईलही. पण बार्नेकल, कालव, झोअँथिड, प्रवाळ हे जाणार कसे? ते जागेला जोडलेले आहेत. त्यांची पिल्लं पाण्यातून प्रवास करतात, पण उतरायला त्यांना योग्य उंचीवरचा, योग्य प्रकारचा खडक लागतो, आणि तसा खडक जिथे आहे तिथे आधीच कुणीतरी राहत असतं.

कोस्टल रोडच्या कामात सुमारे १११ हेक्टर भराव पडला. त्याच कामादरम्यान, २०२० साली, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती काढून दुसरीकडे लावल्या गेल्या. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं कवच आहे, म्हणून हे तरी झालं. त्याच खडकावरच्या झोअँथिडना, कालवांना, समुद्रफुलांना असं कवच नाही.

"नवीन भिंतीवर, टेट्रापॉडवर जीव वाढतीलच की," असंही म्हणतात. टेट्रापॉड म्हणजे लाटा अडवायला टाकलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे. वाढतात, खरं आहे. मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर बार्नेकल आहेत, खेकडे आहेत. पण साधं भूमितीचं गणित करून पाहा. भरती-ओहोटीतला फरक पाच मीटर धरू. खडकाळ किनारा दर ४० मीटरला एक मीटर उतरत असेल, तर उघडा पडणारा पट्टा २०० मीटर रुंद झाला. त्याच जागी उभी भिंत बांधली तर तोच पट्टा पाच मीटर उरला. पट्टे सगळे तेच, क्रमही तोच, पण प्रत्येकाची जागा चाळीसपट आक्रसली. शिवाय उभ्या भिंतीला खळगे नाहीत. ओहोटीत पाणी साठणार नाही, उचलून खाली लपावं असा दगड नाही, सावली नाही. ऑक्टोपसला, सी-स्लगला, लहान माशांना राहायला जागा नाही. आणि जिथे कोळणी वाकून कालवं फोडत होत्या, तिथे उभं राहायलाही जागा नाही.

यावर काही उपाय अजून हातात आहेत. ऑस्ट्रेलियात सिडनीला, सिंगापूरला समुद्रभिंतींवर खळगे, खाचा, खडबडीत फरश्या बसवून पाहिल्या आहेत आणि अशा पृष्ठभागांवर गुळगुळीत भिंतीपेक्षा जास्त जाती राहायला येतात असं दिसलं आहे. मूळ खडकाची बरोबरी त्याने होत नाही. तरी जिथे भिंत झालेलीच आहे तिथे मुंबईने हे करायला हवं, आणि जिथे खडक अजून उघडा आहे तिथे भराव टाकण्याआधी त्याच्यावर कोण राहतं याची निदान वर्षभराची नोंद व्हायला हवी, पावसाळा धरून.

हे सगळं स्वतः बघायचं असेल तर अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा दिवस निवडा, पावसाळा सोडून. ओहोटीची पातळी ०.७ मीटरच्या खाली असेल तर उत्तम. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी बँडस्टँड किंवा हाजी अलीच्या खडकावर पोचा आणि पाणी जसं मागे जाईल तसं त्याच्यामागे खाली उतरत जा, म्हणजे पट्टे क्रमाने दिसतील. पायात पक्की पकड असलेले बूट हवेत, शेवाळ्यावर पाय सटकतो. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार शंख दिसला तर उचलू नका, कोन-स्नेल डंख करतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. दगड उलटून बघितला तर होता तसाच, होता त्या जागी ठेवा, खालच्या जिवांना ऊन सोसत नाही. आणि पाणी फिरलं की निघा. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी चढतं, उधाणात ते फार झपाट्याने येतं, आणि आपण पुढच्या खळग्यात डोकावत असताना मागची वाट बुडालेली असते.